मामा तलावातली मरळ: मासासुद्धा पुरावा असतो

विषय ठरला की आपण थेट कागद शोधायला लागतो. आज जरा उलटं करून बघू. आधी एक मासा घेऊ आणि त्याच्यामागे कागदांपर्यंत जाऊ.

समुद्रापासून इतक्या लांबच्या गोंदिया जिल्ह्यात माशांचा इतिहास कुठून येणार? तलावांतून. हे तलाव धानाच्या शेतीसाठी बांधले गेले. बांधण्यात कोहळी समाजाचं नाव पुढे येतं. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. मासे धरायचे ते ढीवर. मालगुजारी रद्द करणारा कायदा 1950 मध्ये झाला आणि तलाव सरकारकडे आले. म्हणून सरकारी कागदांत ते 'माजी मालगुजारी', थोडक्यात 'मामा तलाव'.

आता मरळ बघा. तिच्या कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घेणारा अवयव असतो. त्यामुळे तलाव आटत आला, पाणी गढूळ झालं, तरी ती टिकते. पाणवनस्पती बाजूला सारून ती साचलेल्या पाण्यातच घरटं करते आणि पिलांची राखण करते. खाणाऱ्याच्या दृष्टीने मांस घट्ट, बारीक काटे कमी. पाण्याबाहेरही बराच वेळ जगते, म्हणून बाजारात जिवंत विकता येते. बर्फाची सोय नसलेल्या काळात याचं मोल किती असेल, तुम्हीच विचार करा.

रोहू, कटला, मृगल यांचं तसं नाही. त्यांची वीण साधारणपणे पुराच्या वाहत्या पाण्यात होते, साचलेल्या तलावात नाही. 1957 मध्ये कटकला हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण घडवून आणली. तिथून बीज हवं तेव्हा तयार करता येऊ लागलं. 1971 पासून मिश्र मत्स्यशेतीचा अखिल भारतीय प्रकल्प सुरू झाला.

या पद्धतीत बीज सोडण्याआधी तलाव 'साफ' करायला सांगतात. म्हणजे मरळीसारखे शिकारी मासे आणि बारीक 'तण मासे' काढून टाकायचे. त्यासाठी शिफारस कशाची? मोहाच्या पेंडीची. ती माशांना विषारी असते. ज्या भागात मोह हा घरचा, त्याच भागासाठी ही शिफारस वाचताना थोडं थांबा. तलावात आपोआप वाढणारा मासा नकोसा ठरला, आणि बीज विकत घ्यावं लागणारा हवासा.

लगेच 'विकासाने वाट लावली' असं लिहून मोकळं होऊ नका. कार्प मासे भराभर वाढतात, त्यांना गिऱ्हाईक आहे, ठेका भरायला पैसा लागतो. संशोधनाचा प्रश्न वेगळा आहे: कोणता मासा 'उत्पादन' आणि कोणता 'तण', हे ठरवलं कोणी? आणि बीजाचा खर्च कोणाच्या माथी गेला?

उत्तर शोधायला तीन जागा सांगतो.

पहिली, वाजिब-उल-अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 165 मध्ये गावच्या रूढींची ही नोंद येते, आणि त्यात मासेमारीचा हक्कही आहे. सिंचनाच्या फायली वाचणारे बहुतेक जण इकडे वळतच नाहीत.

दुसरी, मत्स्यशेतीच्या माहितीपुस्तिका. 'तण', 'शिकारी', 'निरुपयोगी' हे शब्द वर्णन म्हणून वाचू नका, भूमिका म्हणून वाचा.

तिसरी, मासे धरणारी आणि रांधणारी माणसं. जाळ्यात काय यायचं, विकायला काय जायचं आणि घरच्या चुलीवर काय उरायचं, हे वेगवेगळं विचारा. बायकांना तर नक्की विचारा. ठेक्याच्या कागदावर त्यांचं नाव क्वचितच सापडेल.

महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेट हा राज्यमासा ठरवला. शेजारच्या तेलंगणाचा राज्यमासा मरळ आहे. एकाच नकाशावर दोन निवडी, आणि मध्ये आपले तलाव. प्रबंधाचा पहिला प्रश्न इथूनही सुरू होऊ शकतो.