सुषिर वाद्यांची ‘सुधारणा’

पाश्चात्य वाद्यांचे इतिहास वाचीत असतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. ते बहुधा वाफेच्या यंत्राच्या इतिहासाच्या धर्तीवर लिहिलेले असतात. आरंभीं एक ओबडधोबड वाद्य. त्यांत अमुक दोष होता. अमुक सालीं अमुक कारागिरानें तो काढून टाकला. मग दुसरा दोष, दुसरा कारागीर. आणि शेवटच्या प्रकरणांत आजचें निर्दोष वाद्य! तंतुवाद्यांकडे वळतांच मात्र हेच ग्रंथकार एकदम सूर बदलतात. स्त्रादिवारीच्या अठराव्या शतकांतील व्हायोलिनपुढें ते हात जोडून उभे राहतात. फुंकून वाजविण्याच्या वाद्यांना, म्हणजे आपले शास्त्रकार ज्यांस सुषिर वाद्यें म्हणतात त्यांना, ही पूज्यता लाभलेली नाहीं. जुना व्हायोलिन म्हणजे ठेवा आणि जुना कर्णा म्हणजे मोड, असा हा न्याय आहे.

या न्यायास थोडें कारण आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. फुंकरीच्या ओलाव्यानें लाकूड तडकतें, नळीचा पोकळ भाग वांकडा होतो, पितळ आंतून झिजतें. तरीपण दोष कोणता आणि गुण कोणता हें ठरविलें कोणी, हा प्रश्न उरतोच. आमच्या मतें, ज्याला इतिहासकार सुधारणा म्हणतात ती पुष्कळदां केवळ मागणींतील बदल असते. आणि जुन्या वाद्याचा दोष म्हणून जें सांगितलें जातें, त्यावरच त्या काळच्या संगीताची कांहीं अंशीं उभारणी झालेली असते.

प्रथम कर्णा घेऊं. आपल्याकडील शिंग किंवा तुतारी ज्यांनीं ऐकली आहे त्यांस ठाऊक आहे कीं, छिद्र नसलेल्या नळींतून वाटेल तो स्वर निघत नाहीं. ओंठांचा ताण वाढवीत गेलें म्हणजे नळी आपल्या ठराविक पायऱ्यांनींच वर चढते. खालच्या भागांत या पायऱ्या दूर दूर असतात: षड्ज, पंचम, वरचा षड्ज, त्यावरील गंधार, पुन्हां पंचम. लष्करी बिगुलाच्या हाका एवढ्याच स्वरांत बसविलेल्या असतात त्याचें कारण हेंच. आठव्या पायरीपासून पुढें मात्र पायऱ्या जवळ जवळ येतात आणि एक सबंध सप्तक हातीं लागतें. पण तें आपल्या सप्तकाशीं तंतोतंत जुळत नाहीं. अकरावी पायरी शुद्ध आणि तीव्र मध्यमांच्या जवळजवळ मधोमध पडते; तेरावी कोमल व शुद्ध धैवतांच्या मध्यें; चौदावी कोमल निषादाहूनही थोडी उतरलेली. सतराव्या-अठराव्या शतकांतील जर्मन कर्णेवाले याच उंच सप्तकांत वाजवीत, आणि या हट्टी पायऱ्यांना केवळ ओंठांच्या बळावर ओढून जागेवर आणीत. नळी सुमारें सात फुटांची, वेढे घातलेली. तिला ना छिद्र, ना कळ, ना झडप.

लाइप्झिग शहराचा वडील वादक गॉटफ्रीड राइखे हा या कलेंतील अग्रगण्य पुरुष. बाखच्या रचनांतील कर्ण्याचे भयंकर अवघड भाग त्याच्यासाठीं लिहिलेले आहेत असें मानतात. ५ ऑक्टोबर १७३४ च्या रात्रीं राजाच्या स्वागतार्थ बाखची एक नवी रचना भर चौकांत मशालींच्या उजेडांत वाजविली गेली. दुसऱ्या दिवशीं राइखे घरीं जात असतां रस्त्यांत कोसळला आणि मरण पावला. आदल्या रात्रींचे श्रम आणि मशालींचा धूर त्यास भोंवला, अशी नोंद त्या काळच्या बखरकारानें करून ठेविली आहे. सदुसष्टाव्या वर्षीं हा मनुष्य तें वाद्य वाजवीत होता, ही गोष्ट त्या वाद्याला ‘प्राथमिक’ म्हणणारांनीं ध्यानांत घ्यावी.

पुढें दोन पिढ्यांत ही कला नाहींशी झाली. मोझार्टनें १७८९ मध्यें हेंडेलच्या ‘मसाया’ची नवी मांडणी केली, तेव्हां कर्ण्याचे उंच भाग त्याला बदलावे लागले. कला गेली म्हणून वाद्य अपुरें भासूं लागलें, आणि तें अपुरें आहे असें ठरल्यावर उपाय सुरू झाले. व्हिएन्नाच्या वाइडिंगरनें कर्ण्याच्या अंगास छिद्रें पाडून त्यांवर कळा बसविल्या. हायडननें १७९६ मध्यें त्या वाद्यासाठीं आपली प्रख्यात रचना केली. ती आज जगभर वाजते. ज्या वाद्यासाठीं ती लिहिली तें मात्र कधींच मागें पडलें. खरा तोडगा निघाला तो जर्मनींत. श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनीं १८१८ मध्यें झडपेचें पेटंट मिळविलें. दट्ट्या दाबला कीं नळीचा एक जादा तुकडा वाटेत जोडला जातो, नळी लांबते, आणि पायऱ्यांची सबंध शिडीच खालीं सरकते. तीन झडपांत सर्व अर्धस्वर मिळाले. युक्ति अप्रतिम खरी; पण तीही निर्दोष नाहीं. प्रत्येक तुकडा मोकळ्या नळीच्या हिशेबानें कापलेला असतो. दोन झडपा एकदम दाबल्या म्हणजे नळी आधींच लांबलेली असल्यानें दुसरा तुकडा तोकडा पडतो आणि स्वर चढतो. म्हणून आजचा वादकही डाव्या हाताच्या बोटानें एक सरकती नळी मागें-पुढें करून तो सांवरीत असतो. म्हणजे ओंठांचें काम बोटाकडे आलें, इतकेंच!

यापुढची हकीकत मोठी मौजेची आहे. १८८४ मध्यें आयझेनाख येथें बाखच्या पुतळ्याचें अनावरण झालें, तेव्हां बर्लिनच्या यूलियुस कोझ्लेक यानें एका लांब, सरळ कर्ण्यावर बाखचे उंच स्वर लीलेनें वाजवून दाखविले. पुढल्या वर्षीं लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्यें त्यानें तोच चमत्कार केला. हाच बाखचा हरवलेला कर्णा, अशी लोकांची समजूत झाली, आणि ‘बाख-कर्णा’ हें नांव चिकटून बसलें. वस्तुतः त्या वाद्यास दोन झडपा होत्या आणि त्याची नळी बाखकालीन कर्ण्याच्या दोन-तृतीयांशच होती. जुनें वाटावें असें त्यांत एवढेंच होतें कीं तें सरळ होतें. आणि बाखच्या वेळचे कर्णे तर वेढ्यांचे! पुढें हीच नळी आखडत आखडत आजच्या छोट्या पिकोलो कर्ण्यापर्यंत आली. त्याची लांबी जेमतेम अडीच फूट. आज बाखचे ते भाग बहुतेक वेळां यावरच ऐकूं येतात. स्वर स्वच्छ, नेमके. पण ज्यानें सात फुटी नळीचा नाद ऐकला आहे त्याला ते सुईसारखे टोंचतात. मूळ कर्णा गायकांच्या कंठांत मिसळतो, हा त्यांच्या डोक्यावर बसतो.

यावर जुन्याचे अभिमानी म्हणतील, मग जुनाच कर्णा वाजवावा. त्यांचीही थोडी झडती घेणें प्राप्त आहे. १९६० च्या सुमारास जर्मनींत श्टाइनकोफ् आणि फिन्के यांनीं राइखेच्या चित्रांतील गोल वेढ्यांच्या कर्ण्याबरहुकूम एक वाद्य तयार केलें व वाल्टर होली यानें तें वाजविलें. त्यास बोटांनीं उघडण्याचीं बारीक छिद्रें ठेविलीं होतीं. हेतु हा कीं, अकराव्या व तेराव्या पायऱ्या आपोआप सुरांत याव्यात. बाखच्या काळचे जे कर्णे आज शिल्लक आहेत त्यांस अशीं छिद्रें नाहींत. तरी ‘ऐतिहासिक’ म्हणून मिरविणाऱ्या वाद्यवृंदांतून आज बहुधा असेच सच्छिद्र कर्णे दिसतात. छिद्रांवांचून वाजविणारे मोजकेच. कोझ्लेकला हंसणाऱ्यांनीं स्वतः तेंच केलें. जुनें वाद्य म्हणून आपण जें हातीं घेतों त्यांत आपल्या कानाची मागणी अशी गुपचूप शिरलेली असते.

हॉर्न या वाद्याची कथा याहून हृद्य आहे. त्याच्याही नळींत पायऱ्यांचीच अडचण होती; पण त्याचें तोंड वादकाच्या हाताशीं असल्यानें अठराव्या शतकाच्या मध्यास एक वेगळाच मार्ग सांपडला. त्याचें श्रेय ड्रेस्डेनच्या हांपेलला देतात. तोंडांत पंजा कमीअधिक खुपसला म्हणजे मधले स्वर निघतात. ते स्वर मोकळ्या स्वरांसारखे खणखणीत नसतात. कांहीं दबलेले, कांहीं घोगरे, कांहीं दुरून आल्यासारखे. यंत्रज्ञाच्या दृष्टीनें हा उघड दोष. पण रचनाकारांनीं तो जाणून वापरला. जेथें मन झांकोळावें तेथें झांकलेला स्वर घातला. झडपा निघून पन्नास वर्षें होत आलीं असतां, १८६५ मध्यें, ब्राम्सनें आपलें हॉर्न-त्रिक मुद्दाम बिनझडपांच्या हॉर्नसाठीं लिहिलें. त्याला लहानपणीं हें वाद्य शिकविलेलें होतें, तेव्हां हें अज्ञान म्हणतां येणार नाहीं. पॅरिसच्या संगीत विद्यालयांत तर झडपांच्या हॉर्नचा वर्ग १८३३ मध्यें सुरू होऊन १८६४ मध्यें मेफ्रेडच्या निवृत्तीबरोबर बंद झाला, आणि हाताचा हॉर्न अधिकृतपणें १९०३ पर्यंत शिकविला जात होता.

झडपा सर्वमान्य झाल्यावरही भांडण मिटलें नाहीं. तें नळीच्या रुंदीकडे व लांबीकडे वळलें. बारा फुटी नळींत वरच्या पायऱ्या इतक्या दाटीनें असतात कीं वादकाचा नेम चुकतोच. नऊ फुटी नळींत त्या अंमळ सुट्या, म्हणून धोका कमी. जर्मन हॉर्न रुंद, भारदस्त व सुरक्षित; फ्रेंच हॉर्न अरुंद, तेजस्वी व दगाबाज. इंग्लंडचा अलौकिक वादक डेनिस ब्रेन यानें १९५१ पर्यंत जुन्या फ्रेंच घडणीचें वाद्य वाजविलें आणि मग जर्मन वाद्य घेतलें. त्याचे वडील ऑब्री ब्रेन हेही नामांकित वादक, त्यांस जर्मन हॉर्न मुळींच पसंत नव्हता. व्हिएन्नाचा वाद्यवृंद मात्र आजही आपला जुन्या पद्धतीचा हॉर्न व निराळ्या घडणीचा ओबो सोडावयास तयार नाहीं. अन्यत्र सगळे वाद्यवृंद एकमेकांसारखे वाजूं लागले आहेत, अशी तक्रार आपण ऐकतों. तिचें एक कारण येथें आहे.

लांकडी वाद्यांकडे वळतांना प्रथमच सांगून टाकतों कीं, येथें आमचा पक्ष इतका सरळ नाहीं. कारण येथें थिओबाल्ड बोएम उभा आहे. म्यूनिकचा हा सोनार दरबारी बांसरीवादकही होता. १८३१ मध्यें लंडनला त्यानें निकल्सनची बांसरी ऐकली. निकल्सनचा हात मोठा, वाद्याचीं छिद्रें मोठीं, आणि नाद दालन भरून टाकणारा. त्या वेळच्या बांसरींत छिद्रें जेथें बोटें पोहोंचतील तेथें पाडलेलीं असत. बोएमनें हा संबंधच तोडला. छिद्र शास्त्राप्रमाणें जेथें हवें तेथें व जेवढें हवें तेवढें पाडावयाचें, आणि बोट तेथें पोहोंचावें म्हणून कळांची योजना करावयाची. १८३२ चें पहिलें वाद्य आणि ध्वनिशास्त्राचा रीतसर अभ्यास करून १८४७ मध्यें केलेलें सरळ नळीचें दुसरें, एवढ्यांत आजची पाश्चात्य बांसरी जवळजवळ पुरी झाली. पॅरिसच्या विद्यालयांत प्राध्यापक तूलू यानें तिला दारांत उभें केलें नाहीं. १८६० मध्यें दोरूस त्या जागीं आला तेव्हांच तिचा प्रवेश झाला. क्लॅरिनेटच्या प्रचलित योजनेसही बोएमचेंच नांव आहे, पण ती त्याची नव्हे; क्लोझे व ब्यूफे यांची.

बोएमची बुद्धि असामान्य होती याबद्दल दुमत नाहीं. तथापि तिनें काय पुसून टाकलें तेंही पाहूं. त्यापूर्वींच्या बांसरीस सहा छिद्रें व एकच कळ. मधले अर्धस्वर आडबोटांनीं, म्हणजे एक छिद्र मोकळें ठेवून खालचीं झांकून काढीत. ते मंद व आच्छादित असत. म्हणून प्रत्येक पट्टीचा चेहरा निराळा होता. एकींत वाद्य हंसतें, दुसरींत कुजबुजतें. बोएमनें बाराही स्वर सारखे उजळले आणि सर्व पट्ट्या एका रंगाच्या झाल्या.

आपल्या वाचकांस हा भेद सांगावयास नकोच. आपली बांसरी बिनकळेचीच राहिली. कारण अर्धें उघडलेलें छिद्र हाच तिचा प्राण, आणि कळ बंद असते किंवा उघडी असते, अर्धी नसते. पन्नालाल घोष यांनीं विसाव्या शतकांत तिला मैफलीच्या योग्यतेस आणलें तें ती लांब व खर्जाची करून. कळा लावून नव्हे. हीही सुधारणाच, पण मागणी वेगळी. तुर्कस्थानांत आजही जुन्या, साध्या योजनेचा क्लॅरिनेट चालतो, त्याचें कारण हेंच कीं मोकळ्या छिद्रांवर स्वर घसरवितां येतो. उलट आपल्याकडील लग्नाच्या बँडला लष्करी बँडचा वारसा. तेथें कर्णा झडपांचाच हवा. रस्त्यांतल्या गोंगाटांत पट्टीच्या चेहऱ्याची चौकशी कोण करणार?

राहतां राहिली सुराची उंची. फ्रान्सनें १८५९ मध्यें मध्य-सप्तकांतील ‘ए’ हा स्वर सेकंदास ४३५ कंपनांवर बांधला. १९३९ मध्यें लंडनच्या परिषदेनें ४४० ठरविला. इंग्लंडांतील बँड त्याआधीं दीर्घकाळ ४५२ च्या आसपास वाजत. आज जुनें संगीत वाजविणारे ४१५ धरतात, पण तोही सोयीचाच आंकडा: ४४० च्या बरोबर अर्धस्वर खालीं. अठराव्या शतकांत गांवोगांव उंची निराळी असे, आणि म्हणून बांसरीवाला आपल्या पेटींत कमीजास्त लांबीचे मधले सांधे बाळगून हिंडे. पट्टी चढत गेली तेव्हां ज्यांच्याजवळ असे सांधे नव्हते त्यांनीं आपलीं उत्तम वाद्यें सरळ कापून आखूड केलीं. युरोपच्या वस्तुसंग्रहालयांत अशीं कापलेलीं वाद्यें आहेत. कापल्यानें छिद्रांमधील अंतरांचें प्रमाण बिघडलें; त्यामुळें तीं नव्या पट्टींत धड बोलत नाहींत, आणि जुन्या पट्टींत तीं कशीं बोलत असतील हें तीं वाजवून पाहण्याचा मार्गही आतां उरलेला नाहीं.