पूल झाला, मग फेरीबोटीचं काय झालं?

बीबीच्या माणसाला फेरीबोटीचं काय पडलंय, असं तुम्हाला वाटेल. आमचं गाव मेहकर–सिंदखेडराजा रस्त्यावरचं. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला आणि लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या तिकडे वळल्या. आता जुन्या रस्त्याचं काय, हा प्रश्न मी आधी गावातल्या चहाच्या टपरीवर ऐकला. नंतर तोच मला गोव्यात, मांडवी नदीच्या काठी भेटला.

प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं: ‘१९७० मध्ये पणजीला मांडवीवर नेहरू पूल झाला आणि फेरीबोटींचा काळ संपला.’ गाइडनी समासात एवढंच लिहिलं, ‘संपला, हे कशावरून?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुलाची तारीख सापडली, तीच मी बोटींच्या शेवटाची धरून टाकली होती.

पुढे काय झालं बघा. ५ जुलै १९८६ ला हा पूल कोसळला. ऐन पावसाळ्यात पणजीहून म्हापशाकडे आणि पुढे मुंबईकडे जाणारा मुख्य रस्ता तुटला. माणसं नदीपार न्यायला फेरीबोटींवरच भार आला. नवा पूल आला १९९२ मध्ये. माझ्या त्या एका वाक्याने ही सहा वर्षं इतिहासातून पुसलीच गेली असती.

बरं, नवे पूल झाल्यावर तरी बोट थांबली का? नाही. पणजी–बेती फेरीबोट आजही चालते. कारण नकाशात दिसतं. पूल शहराच्या पूर्वेच्या टोकाला आहे, महामार्गाच्या सोयीचा. बेती मात्र पणजीच्या धक्क्यासमोरच. पायी निघालेल्या माणसाला पुलावरून मोठा वळसा पडतो. बोट त्याला काही मिनिटांत शहरात सोडते, तेही फुकट.

म्हणून तुम्ही असा विषय घेतलात, तर तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. पुलाने नेमका कोणाचा प्रवास कमी झाला? पुलावर कोणाला जाताच येत नाही? आणि पूल बंद पडला, तर लोक कसे जाणार?

मुंबईचा अटल सेतू घ्या. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं, लांबी २१.८ किलोमीटर. त्यावर दुचाकी, रिक्षा आणि पादचारी यांना बंदी आहे. म्हणजे भाऊचा धक्का–मांडवा रो-रोचं किंवा गेटवेच्या लाँचचं भवितव्य ठरवताना फक्त मोटारवाल्यांना विचारून चालणार नाही. दुचाकी घेऊन येणारा, पिशवी घेऊन चालत येणारा, यांनाही विचारावं लागेल.

उद्घाटनाची तारीख कोनशिलेवर मिळते. जुनी सेवा कधी थांबली, किंवा थांबलीच नाही, हे धक्क्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. बीबीच्या रस्त्यावरही मी सध्या तेच करतोय. उभा राहून मोजतोय, अजून कोण येतंय-जातंय.