पायलट व्हायचंय? रेडिओवर बोलायला कधीपासून शिकावं

मलकापूर (ता. शाहूवाडी) : कमर्शियल पायलटच्या परवान्याला वय १८ पूर्ण आणि २०० तासांचं उड्डाण लागतं, हे बऱ्याच पालकांना माहीत असतं. पण रेडिओवर बोलण्याचा परवानाही वेगळा काढावा लागतो. इंग्रजीच्या धास्तीनं खेड्यातली मुलं हा विषय मागं ढकलतात. तसं करू नये.

घरी असतानाच : रेडिओवर बी, डी, पी, टी ही अक्षरं सारखीच ऐकू येतात. म्हणून ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो म्हणतात. तीनला ट्री, नऊला नायनर. भारतातल्या विमानांचा नंबर व्हीटीनं सुरू होतो, म्हणजे व्हिक्टर टँगो. रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर असे मोठ्यानं वाचले की आठ-पंधरा दिवसांत तोंडात बसतं.

पहिले काही तास : फक्त ऐकायचं. ट्रॅक्टर शिकताना क्लच आणि स्टिअरिंग सांभाळतानाच घाम फुटतो, त्यात फोनवर कोण बोलणार? विमानातही तसंच. बोलणं शिक्षक करतात. मुलानं हेडफोनमधून कोण कुणाला काय सांगतंय, ते समजून घ्यायचं.

हात बसला की : इंजिन सुरू करायची, विमान धावपट्टीकडं न्यायची परवानगी मागणं, असे जमिनीवरचे सोपे कॉल आधी घ्यायचे. मग हवेतले.

एकट्यानं उडण्याआधी : सगळे कॉल स्वतःला यायलाच हवेत. सोलोला शेजारी कोणी नसतं.

मिळालेली सूचना तशीच परत बोलून दाखवायची. कळली नाही तर ‘से अगेन’, हात गुंतले असतील तर ‘स्टँडबाय’ म्हणायचं. आधी विमान सांभाळायचं, मग दिशा, मग बोलणं, हा क्रम मोडायचा नाही. संकटात मात्र ‘मेडे’ तीनदा.

हे का महत्त्वाचं? १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीजवळ दोन विमानं हवेत धडकली, ३४९ जण गेले. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायचं होतं, ते त्याखाली उतरलं. त्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता, पायलट त्याच्यावर विसंबून होते. जो उडवतो त्याला स्वतःला ऐकू आणि कळू यायला हवं, ते यासाठीच.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी घाबरू नये. रेडिओवरची रोजची वाक्यं छोटी आणि ठरलेली असतात. मात्र अडचणीच्या वेळी साधं इंग्रजी बोलता यावं लागतं. आंतरराष्ट्रीय नियमात सहापैकी किमान चौथी पातळी मागतात.

१ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमानं रेडिओच्या परवान्याचं काम दूरसंचार खात्याकडून डीजीसीएकडं आलं. त्यामुळं अर्जाची माहिती डीजीसीएच्या वेबसाइटवरच बघावी. बारामती, धुळे किंवा गोंदिया, प्रवेश कुठंही घ्या. फी भरण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा : मुलाच्या हातात माइक कितव्या धड्याला देता?