खडकतित्तिर

आफ्रिकेतील लहान भूचर पक्षी. शास्त्रीय नाव टिलोपॅकस पेट्रोसस. सहाराच्या दक्षिणेला सेनेगल-गांबियापासून इथिओपिया व उत्तर केनियापर्यंत आढळतो. लांबी २५ ते २८ सेंमी., रंग मातकट तपकिरी, त्यावर फिकट रेघा. डोळ्याभोवती उघडी लाल कातडी, पाय गडद लाल. शेपटी कोंबडीसारखी उभी असते. नर-मादी जवळजवळ सारखेच, फक्त मादीचे पोट अधिक फिकट. खडकाळ उतार आणि काटेरी झुडपे ही त्याची वस्ती. संकटात तो उडण्याऐवजी पळतो, एका धोंड्यावरून दुसऱ्यावर उड्या घेत दिसेनासा होतो. भर उन्हात कपारीच्या सावलीला राहतो. पहाटे व तिन्हीसांजेला जोडी किंवा अख्खा थवा एकसुरात ओरडतो. बिया, कोवळे अंकुर, फळे व किडे हे त्याचे खाद्य. खडकाच्या किंवा झुडपाच्या बुडाशी जमीन उकरून मादी ४ ते ६ अंडी घालते.

ही लक्षणे पाहून कोणीही त्याला तित्तिरांत बसवेल, आणि फार काळ तसेच झाले. पण नराच्या पायामागे लढाईचा काटा नाही. आपल्या सह्याद्रीतल्या चकोत्रीच्या डोळ्याभोवतीही अशीच लाल कातडी असते, मात्र तिच्या नराला काटे असतात. म्हणजे लाल कातडीवरून गोत ठरवणे धोक्याचे. एकविसाव्या शतकात डीएनए तपासल्यावर त्याचे खरे नातलग अमेरिकेतील लावे निघाले, आणि त्यांनाही काटे नसतात. काटा नसणे हा एकटाच पुरावा मात्र लंगडा ठरतो, कारण काटे नसलेले तित्तिरही आहेत. निर्णायक ठरतो तो डीएनएच. अटलांटिकपलीकडचे नाते संभवते कसे, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यासाठी या पक्ष्याने समुद्र ओलांडायला हवा असे नाही. दोघांचे पूर्वज फार जुने असून जुन्या जगातील बाकीची शाखा नष्ट झाली, असेही घडू शकते. शिवाय हा पक्षी एकटा नाही. काँगो व युगांडाच्या घनदाट जंगलातील नाहनचा तित्तिर पूर्वी फ्रँकोलिनांत गणला जाई. डीएनएवरून तो याच प्रजातीत आला. एक उघड्या खडकावर, दुसरा दाट सावलीत. तरी दोघांच्या आवाजात साम्य आहे. अधिवासाने रूप घडते, हे खरे. पण इतक्या भिन्न अधिवासांत टिकलेले साम्य अधिवासाच्या खाती टाकता येत नाही. त्यामुळे खडकतित्तिराची नोंद आता तित्तिरकुलाऐवजी अमेरिकी लाव्यांच्या ओडोंटोफोरिडी कुलात करणे योग्य.