युक्तिवाद-परीक्षण, शालेय

मन वळविण्यासाठी केलेल्या प्रतिपादनातील दावा, कारण व पुरावा यांची छाननी करण्याचे, मुख्यतः सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना द्यावयाचे शिक्षण.

उगम : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन ही न्यायदर्शनातील पंचावयवी मांडणी (पहा : न्यायसूत्रे) याचे भारतीय पूर्वरूप होय; तत्त्वज्ञ स्टीफन टूल्मिन यांनी १९५८ मध्ये दावा, आधारसामग्री व त्यांना जोडणारे समर्थन यांचे पृथक्करण केले. पुढे भारतात १९७६ च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले (पहा : मूलभूत कर्तव्ये).

वैशिष्ट्ये : तथ्य व मत यांतील भेद, साक्षीदाराचा हितसंबंध, पुराव्याची पर्याप्तता आणि प्रतिपक्षाचे म्हणणे ही परीक्षणाची प्रमुख अंगे होत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात याचे जवळचे उदाहरण वनहक्काच्या दाव्यात सापडते : शासकीय दप्तरातील नोंदी व नकाशे, विहिरी, बांध, स्मशानभूमी यांसारख्या प्रत्यक्ष खुणा आणि दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी कथन हे सर्व पुरावे वनहक्क अधिनियमाखालील नियमावलीच्या नियम १३ अन्वये ग्राह्य असून, निर्णयासाठी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावे लागतात (पहा : वनहक्क अधिनियम, २००६). २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावी सर्वसहमतीच्या निर्णयापूर्वी विषयाचा ऊहापोह करणारे अभ्यासगट चालतात (पहा : ग्रामसभा).

महत्त्व : वक्त्याचा अधिकार वा बहुमताचा कल यांऐवजी पुराव्याच्या बलानुसार मत बनविण्याची व नवा पुरावा मिळताच ते बदलण्याची सवय यातून जडते; जाहिरात, अफवा व अंधश्रद्धा यांच्या परीक्षणास, तसेच भावी ग्रामसभासदाच्या विवेकास ती उपकारक ठरते.