पहिलं विरजण

आमच्या घरात दोन गोष्टी नेमक्या रविवारी संपतात, माझी झोप आणि विरजण. त्या रविवारी दोन्ही एकदमच संपली. "अहो, समोरच्या वहिनींकडून चमचाभर विरजण आणता का?" असा हुकूम सुटला. मी वाटी घेऊन निघालो, तोच नववीतल्या कन्येनं जीवशास्त्राच्या वहीतून मान वर केली. परीक्षेची उजळणी चालली होती.

"बाबा, त्यांच्याकडे विरजण कुठून आलं?"

"कालच्या दह्यातून."

"आणि कालचं?"

"परवाच्या."

"मग सगळ्यात पहिलं?"

आता मी पडलो बी.कॉम. आमच्या शास्त्रात 'मागील शिल्लक पुढे' असं लिहिलं की भागतं. शिल्लक मुळात आली कुठून, हे ऑडिटरसुद्धा विचारत नाही. मी गप्प बसलेला पाहून कन्या म्हणाली, "जाऊ दे बाबा, हे सायन्सचं आहे." ते वाक्य मला दह्याहून आंबट लागलं. दुसऱ्या दिवशीच मी वाचनालय गाठलं.

पूर्वी हा प्रश्न कुणाला पडत नसे, कारण जीव आपोआप उपजतात अशी सर्वांची खात्री होती. व्हान हेल्माँट नावाच्या मोठ्या विद्वानानं तर उंदरांची पाककृती लिहून ठेवली आहे : मळका सदरा आणि गहू भांड्यात घालावेत, एकवीस दिवसांत उंदीर तयार! (आमच्या जुन्या रेकॉर्ड रूममध्ये गहूही लागत नसत.) १६६८ साली इटलीतल्या रेडीनं मांसावर जाळीदार कापड बांधलं. माश्या बसल्या नाहीत, अळ्याही झाल्या नाहीत. संपलं.

पण मला खरा आपला माणूस भेटला तो हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात. अँटोनी व्हान लेव्हेनहूक. धंदा कापडाचा, शिवाय गावच्या कचेरीत नोकरी. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, लॅटिन येत नाही. कापडाचे धागे मोजायला दुकानदार भिंग वापरत. या गृहस्थानं स्वतः इवलीशी भिंगं घासून त्यातून दिसेल ते पाहायचा सपाटा लावला. मिरं तिखट का लागतं हे शोधायला मिरी पाण्यात भिजत घातली आणि त्या पाण्यात वळवळणारे जीव पाहिले. १६७६ साली हे त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं.

विद्वानांना पटेना. कापडवाला सांगतो आणि आम्ही ऐकायचं? यावर त्यानं काय करावं? गावातल्या आठ प्रतिष्ठितांना भिंगातून जीव दाखवले आणि त्यांची लेखी प्रमाणपत्रं पाठवून दिली! सही पटवल्याशिवाय पैसे न देणाऱ्या माझ्यासारख्याचा ऊर भरून आला. १६७७ साली रॉबर्ट हूकनं स्वतः ते जीव पाहिले, आणि १६८० साली कापडवाला सोसायटीचा फेलो झाला. पुढं त्यानं स्वतःच्या दातांवरचं किटण तपासलं. दात रोज मिठानं घासूनही तिथं जीव होतेच. मी त्या दिवसापासून जरा जास्त वेळ ब्रश करतो.

हे बारीक जीव तरी आपोआप होत असतील, असं मानणारे शिल्लक होतेच. त्यांचा हिशेब लुई पाश्चरनं मिटवला. दूध आंबवणारा जीवच असतो, हे त्यानं १८५७ साली मांडलं होतं. मग हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत त्यानं रस्सा उकळला. हवा आत जाई, धूळ मात्र वळणात अडके. रस्सा नासला नाही. चंबू कलता केला की नासे. जीव जिवापासूनच होतो, थोडक्यात विरजणाशिवाय दही नाही. १८६२ साली फ्रेंच अकादमीनं त्याला बक्षीस दिलं.

आणि इथंच कन्येचा प्रश्न जास्तच अवघड झाला. साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्म जीवांच्या खुणा सापडतात. त्यांना विरजण कुणी दिलं? १९५३ साली शिकागोत स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्यानं पाणी, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन बंद काचेत घालून विजेच्या ठिणग्या पाडल्या. आठवडाभरात अमिनो आम्लं मिळाली. म्हणजे विटा मिळाल्या, घर नाही. ते कसं बांधलं गेलं याचा शोध अजून चालू आहे. वहीचं पहिलं पान कोरंच आहे, हे मी कन्येला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सरांनाही येत नसणार!" आणि आनंदानं पुढच्या धड्याकडे वळली.

हे सगळं नंतरचं. त्या रविवारी मात्र मी वाटी घेऊन समोरचं दार वाजवलं. वहिनी ओशाळून म्हणाल्या, "अगंबाई, आमचं कालच संपलं हो. मी तुमच्याकडेच येणार होते. मागच्या आठवड्यात तुमच्याकडूनच तर नेलं होतं!"