गार्बेज इन, वीज आऊट

"गार्बेज इन, गार्बेज आऊट" हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं लाडकं वाक्य. इनपुटच भिकार असेल तर प्रोग्रॅम कितीही भारी असो, उपयोग शून्य. कचऱ्यापासून वीज बनवण्याचा इतिहास वाचायला घेतला आणि हे वाक्य पानोपानी भेटायला लागलं, तेही अक्षरशः!

सुरुवात लंडनच्या शोरडिच भागापासून. १८९७ साली तिथे कचरा जाळायच्या भट्ट्यांना वीजघर जोडलं. उद्घाटनाला खुद्द लॉर्ड केल्विन! घरोघरी कोळशाच्या शेगड्या, त्यामुळे कचऱ्यात अर्धवट जळलेला कोळसा भरपूर. कचरा कसला, हलक्या प्रतीचं इंधनच ते.

आता दिल्ली. १९८७ साली तिमारपूरला डॅनिश तंत्रज्ञान आणून प्रकल्प उभारला. रोज ३०० टन कचरा, ३.७५ मेगावॉट वीज. काही आठवड्यांत बंद! भट्टीत आला तो ओला कचरा, माती आणि राख. जळण्यासारखा कागद आणि प्लास्टिक भंगारवाल्यांनी आधीच उचललेलं.

मग आमच्या चिखलीच्या शेजारी, मोशीच्या कचरा डेपोत, १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते नवा प्रकल्प सुरू झाला. क्षमता रोज ७०० टन, १४ मेगावॉट. गणित करून बघा: पूर्ण क्षमतेने टनामागे ४८० युनिट. तिमारपूरचा हिशोब कागदावरसुद्धा ३०० चाच होता. तंत्रज्ञान सुधारलं हे खरंच, पण इथे भट्टीत सुका कचरा जातो, आणि आपल्या सुक्या कचऱ्यात आता प्लास्टिक मायंदाळ.

गोम इथेच आहे. प्लास्टिक म्हणजे जमिनीतलं तेलच, मधे एकदा वेफर्सचं पाकीट होऊन आलेलं. ते जाळलं की कार्बन डायऑक्साइड तोच. बरं, भट्टी एकदा बांधली की तिला रोज खायला लागतं. स्वीडन तर त्यासाठी बाहेरच्या देशांतून कचरा आणतो!

सुक्या कचऱ्याचं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे चिखलीतलाच कुदळवाडीचा भंगार बाजार. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली. आगी लागायच्या, प्रदूषण व्हायचं, बांधकामं बेकायदा होती, सगळं मान्य. पण बाटली जाळून जेवढी ऊर्जा मिळते, त्यापेक्षा ती वितळवून पुन्हा वापरली तर जास्त वाचते. हे काम भंगारवाले करतात. त्यांना धड जागा द्यायची आणि त्यांच्या हातून जे उरेल तेवढंच भट्टीला घालायचं, हा क्रम उलटा होता कामा नये.

वीज बनते हे तर सिद्ध झालंय. इनपुट काय द्यायचं, एवढंच ठरवायचंय. आणि त्याची सुरुवात आपल्या ओट्याखालच्या दोन बादल्यांपासून होते, बरं का मंडळी!